शाळेची गाडी कंपनीने परत बोलावली तर

जुलै २०२३ च्या चौथ्या आठवड्यात मारुती सुझुकी कंपनीने जाहीर केलं, की ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ या काळात बनलेल्या ८७,५९९ गाड्या ती तपासणीसाठी परत बोलावत आहे. गाड्या दोनच प्रकारच्या होत्या, एस-प्रेसो आणि ईको. स्टिअरिंगच्या टाय रॉडच्या एका भागात दोष असण्याची शक्यता होती. क्वचित प्रसंगी तो भाग तुटू शकतो आणि मग गाडी वळवणं, ताब्यात ठेवणं अवघड होऊ शकतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. तपासणी मोफत, भाग बदलावा लागला तर तोही मोफत.

शहरातल्या वाचकाने ही बातमी कारची म्हणून वाचली असेल. पण तालुक्याच्या गावात ईको म्हटलं की आधी आठवते ती शाळेची व्हॅन. सरकती दारं, सपाट तळ, परवडणारी किंमत आणि कंपनीनेच बसवून दिलेला सीएनजी, यांमुळे ओम्नी बंद झाल्यावर तिची जागा ईकोने घेतली. पेण आणि रोहा ही तर नमुन्याची गावं. दोन्हीकडे एसटीचे आगार आहेत, खेड्यापाड्यांतली मुलं पास काढून लाल गाडीने येतात. एके काळी पुण्याच्या बजाज टेम्पोने बनवलेल्या मिनीडोअर या तीनचाकीवर रायगडची बरीच वाहतूक चालायची, त्यात दप्तरंही असायची. गावात इंग्रजी माध्यमाच्या शाळा वाढल्या तशा पिवळ्या बस आल्या आणि जिथे बस शिरत नाही अशा आळ्यांसाठी व्हॅनवाले काका आले. तेव्हा टाय रॉडची ती बातमी भिसे खिंडीतून नागोठण्याकडे उतरणाऱ्या किंवा वडखळ नाक्यावर ट्रेलरच्या रांगेतून वाट काढणाऱ्या गाड्यांशी थेट संबंधित होती. आपल्याकडे शाळेच्या वाहनांच्या सुरक्षेची चर्चा चालक, वेग आणि कोंबलेली मुलं यांच्याभोवती फिरते, आणि ते योग्यच आहे. गाडीतच कारखान्यातून आलेला दोष असेल तर त्याची खबर कोणी, कोणाला आणि कशी द्यायची, हा प्रश्न मात्र त्या चर्चेत क्वचित येतो.

झीज, छेडछाड आणि जन्मजात दोष

गाडीतले दोष तीन जातींचे असतात. पहिली जात झिजेची. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, धरमतरच्या खाडीकडची हवा खारी, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चालू. पत्रा गंजतो, बॉल जॉइंट सैल होतात, आपत्कालीन दाराच्या बिजागऱ्या धरतात. यात कंपनीचा काही दोष नाही. निगा राखणं हे मालकाचं काम आणि ती राखली की नाही हे पाहणं परिवहन कार्यालयाचं.

दुसरी जात छेडछाडीची. मूळ सीट काढून समोरासमोर बाकडी टाकायची, बाहेरून सीएनजी किट बसवायचं, खिडकीला गावातल्या फॅब्रिकेटरकडून गज मारून घ्यायचे. परवानगीशिवाय केलेला असा प्रत्येक बदल गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

तिसरी जात जन्मजात दोषाची. आराखड्यात चूक राहिली, किंवा भाग पुरवणाऱ्या कारखान्यात एखादी खेप बिघडली, तर तो दोष नव्या कोऱ्या गाडीत असतो आणि शेकडो, कधी हजारो गाड्यांत एकसारखा असतो. रिकॉल, म्हणजे कंपनीने गाड्या परत बोलावणं, फक्त याच जातीसाठी आहे.

टाय रॉडच्या उदाहरणावरून हा फरक नीट कळतो. आपण स्टिअरिंग फिरवतो तेव्हा खालचा दातेरी दांडा डावी-उजवीकडे सरकतो. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक टाय रॉड असतो आणि तो पुढच्या चाकाला ढकलतो किंवा ओढतो. रॉडच्या टोकाचा बॉल जॉइंट झिजला तर गाडी आधी इशारा देते. खड्ड्यात खडखड वाजतं, स्टिअरिंगला प्ले येतो, टायर एका कडेने खातं. रोह्याच्या नाक्यावरचा कोणताही मेस्त्री गाडी जॅकवर घेऊन, चाक हाताने हलवून पाच मिनिटांत सांगेल, ‘एंड गेलाय, बदलून घ्या.’ धातूतच खोट राहिली असेल तर यातलं काहीच होत नाही. रॉड वाजत नाही, हलत नाही, डोळ्यांना धडधाकट दिसतो. तो तुटला तर एकदम तुटतो, आणि त्या बाजूच्या चाकाचा स्टिअरिंगशी संबंध त्याच क्षणी संपतो. असा दोष मेस्त्रीला कळत नाही आणि आरटीओच्या निरीक्षकालाही कळत नाही. कोणत्या खेपेचे रॉड कोणत्या दिवशी कोणत्या गाड्यांना लागले याची नोंद ज्याच्याकडे आहे, त्यालाच तो माहीत असतो. ती नोंद कंपनीकडे असते. म्हणूनच रिकॉलच्या जाहिरातीत उत्पादनाच्या तारखा इतक्या काटेकोर दिलेल्या असतात.

प्रत्येक रिकॉल सारखा गंभीर नसतो, हेही लक्षात ठेवावं. नोव्हेंबर २०२० मध्ये ४०,४५३ ईको परत बोलावल्या गेल्या, कारण त्यांच्या हेडलॅम्पवर आवश्यक ते मानकचिन्ह नव्हतं. एप्रिल २०२२ मध्ये १९,७३१ ईकोंच्या चाकाच्या रिमवर माप चुकीचं छापलं गेल्याचं आढळलं. पहिल्या बाबतीत मालकाला काही जाणवलंही नसतं. दुसऱ्या बाबतीत चुकीच्या मापावर भरवसा ठेवून चुकीचा टायर चढण्याचा संभव होता. ईकोचे हे तीन रिकॉल तीन वर्षांच्या आत झाले. त्यावरून ती गाडी वाईट ठरत नाही. उलट जी कंपनी रिकॉल जाहीर करते ती आपल्या नोंदी तपासते आहे असं समजायला हरकत नाही. आजवर एकही रिकॉल नसलेल्या वाहनाबद्दल मात्र जरा जास्त चौकशी करावी.

कायदा उशिरा आला

भारतात बराच काळ रिकॉल ही कंपनीची मर्जी होती. २०१२ मध्ये वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने स्वेच्छेने पाळायची आचारसंहिता केली. सक्ती आली ती २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने. त्यातल्या कलम ११०अ ने केंद्र सरकारला अधिकार दिला, की एखाद्या प्रकारच्या वाहनातल्या दोषामुळे पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल, तर उत्पादकाला ती वाहनं परत बोलावायला सांगता येईल. दोष एखाद्या सुट्या भागात असेल, तर तो भाग लागलेली सगळी वाहनं परत बोलावता येतील. उत्पादकाने वाहन दुरुस्त करावं, बदलून द्यावं किंवा पूर्ण किंमत परत करावी. दोष त्याच्या स्वतःच्या लक्षात आला तर त्याने सरकारला कळवून रिकॉल सुरू करावा, मग दंड नाही.

याचे तपशीलवार नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. सक्तीने रिकॉल करावा लागला तर दंड दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत. किती तक्रारी आल्या म्हणजे सरकारने हालचाल करायची, याचेही उंबरठे ठरले. बस आणि ट्रक यांच्यासाठी तो वर्षभराच्या विक्रीच्या तीन टक्के आहे. तक्रार वाहनमालकानेच परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदवायची. शिवाय २०१९ च्याच ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार दिला. अग्निशामक नळकांडं किंवा प्रथमोपचाराची पेटी यांसारख्या वस्तूंना तो उपयोगी पडू शकतो.

नियमातली एक अट तालुक्याच्या गावांसाठी फार महत्त्वाची आहे. सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं ते सात वर्षांच्या आतल्या वाहनांबाबत. मोठ्या शहरात गाडी नवी असते. पहिला मालक चारपाच वर्षं वापरतो, मग ती विकली जाते, आणि पेण-रोह्याकडे येते तेव्हा तिची सात वर्षं सरत आलेली असतात. म्हणजे गाडी शाळेच्या कामाला लागते साधारण त्याच सुमारास कायद्याचं हे छत्र तिच्यावरून निघून जातं.

पत्र जातं कोणाकडे

रिकॉल जाहीर झाला की कंपनी आपल्या नोंदीतल्या मालकाला फोन करते, संदेश पाठवते. ही नोंद विक्रीच्या वेळची असते, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी शेवटची आली तेव्हाची. वॉरंटी संपल्यावर व्हॅनवाले काका गाडी गावातल्या मेस्त्रीकडे नेतात, कारण तिथे खर्च कमी येतो आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मुलांच्या दारात हवी असते. मग कंपनीच्या लेखी गाडी ठाण्याच्या किंवा पनवेलच्या पहिल्या मालकाकडेच राहते. रिकॉलचा संदेश त्याच्या मोबाइलवर जातो. गाडी विकून टाकलेली असल्याने तो संदेश पुसतो, आणि त्यात त्याचं काही चुकतही नाही.

एसटीची गोष्ट वेगळी आहे. महामंडळ चासी विकत घेतं आणि बऱ्याच गाड्यांची बांधणी दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या स्वतःच्या कार्यशाळांत करतं. मालक एकच, प्रत्येक गाडीची नोंद आगारात, देखभालीचं वेळापत्रक ठरलेलं. चासीच्या उत्पादकाने दोष कळवला तर त्या मालिकेच्या गाड्या कोणत्या आगारात आहेत हे शोधायला अडचण पडू नये. एकेकट्या व्हॅनमागे अशी कोणतीही नोंदवही नसते. ज्या मुलांचे पालक जास्त पैसे मोजतात, त्यांच्याच गाडीचा माग सर्वांत कच्चा असतो.

पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या गाडीत मुलं नेली जातात तेव्हा हा माग पूर्ण तुटतो. पिवळ्या पाटीच्या वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस प्रमाणपत्र घ्यावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तेवढ्या काळात ती तपासणीसाठी आरटीओच्या आवारात यावीच लागत नाही.

बस कोणाची, आणि सीट कोणाची

पिवळ्या बसचा गुंता आणखी वेगळा. चासी एका मोठ्या कंपनीची, वरची बॉडी कधी त्याच कंपनीची तर कधी स्वतंत्र बॉडी बिल्डरची. वेगनियंत्रक तिसऱ्याचा, कॅमेरे आणि जीपीएस चौथ्याचे, अग्निशामक बाजारातला. ब्रेकमध्ये दोष निघाला तर कोणाला विचारायचं हे ठरलेलं आहे. सीटचे बोल्ट उपटले किंवा आपत्कालीन दार उघडेना, तर आधी ते कोणी बसवलं इथूनच सुरुवात करावी लागते.

ही साधनं नियमांत आली ती मोठी किंमत मोजून. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी दिल्लीत वजिराबाद पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या बससाठी निर्देश दिले. पुढे वाहन मानकांत शाळेच्या बससाठी ‘एआयएस-०६३’ हे स्वतंत्र मानक झालं, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये शाळेच्या बससाठी स्वतंत्र नियम केले. पिवळा रंग, मदतनीस, आपत्कालीन दार, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी हे सगळं त्यात आलं. वस्तू गाडीत आहे की नाही, हे या नियमांनुसार तपासता येतं. ती वस्तू मुळातच सदोष आहे का, हे कळायला रिकॉलची व्यवस्थाच लागते.

२०१७ च्या नोव्हेंबरात अमेरिका आणि कॅनडात किडी कंपनीची सुमारे चार कोटी अग्निशामक नळकांडी परत बोलावली गेली. प्लास्टिकच्या मुठीची ती नळकांडी ऐन वेळी तुंबू शकत होती, किंवा त्यांचं तोंड निखळू शकत होतं. त्यांतली काही १९७० च्या दशकापासून विकली गेली होती. म्हणजे कित्येक वर्षं तपासणीला आलेल्या माणसाने नळकांडं जागेवर आहे हे पाहून खूण केली असेल, आणि ती खूण नियमाप्रमाणे बरोबरच असेल.

अमेरिकेत शाळेच्या बसचे रिकॉल नेहमीचे आहेत. तिथे १९६६ च्या कायद्यापासून ही व्यवस्था उभी आहे. दोष लक्षात आल्यावर उत्पादकाला पाच कामाच्या दिवसांत महामार्ग सुरक्षा प्रशासनाला कळवावं लागतं आणि नंतर प्रत्येक नोंदणीकृत मालकाला टपालाने पत्र पाठवावं लागतं. पंधरा वर्षांपर्यंतच्या वाहनाची दुरुस्ती मोफत. टॉमस बिल्ट या मोठ्या कंपनीला २०१४ नंतरच्या हजारो बस परत बोलवाव्या लागल्या, कारण काही सीटच्या पाठीत धक्का शोषणारं भरण पुरेसं नव्हतं. तिथल्या बऱ्याच शालेय बसमध्ये मुलांना पट्टे नसतात. जवळजवळ रचलेल्या, उंच आणि जाड पाठींच्या सीट हेच मुलांचं संरक्षण असतं. त्यामुळे पाठीतलं भरण कमी असणं हा तिथे गंभीर दोष ठरला.

रिकॉलने सगळं सुटतं असंही नाही. १४ मे १९८८ रोजी केंटकी राज्यात कॅरल्टनजवळ एका दारू प्यायलेल्या चालकाने उलट दिशेने येऊन चर्चच्या बसला धडक दिली. ही बस पूर्वी शाळेची होती. इंधनाची टाकी फुटून आग लागली, पुढचं दार बंद झालं, मागच्या एकाच दाराकडे ६० हून अधिक माणसं धावली. २७ जण गेले. टाकीभोवती संरक्षक जाळी सक्तीची करणारा नियम १ एप्रिल १९७७ पासून लागू झाला होता आणि त्या बसची चासी त्याच्या काही दिवस आधीच तयार झाली होती. तिच्या जन्मदिवशीच्या नियमांनुसार बस निर्दोष होती, म्हणून रिकॉल तिच्यापर्यंत पोचूच शकत नव्हता. शाळेने वापरून विकलेली बस दुसऱ्या कामाला लागते, तेव्हा तिच्या बनावटीची तारीख पाहणं हाच तिथे उपाय उरतो. जुन्या बस विकत घेणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांनाही हे तितकंच लागू आहे.

पेणच्या कार्यालयात जुळणारे धागे

जपानने २०१८ मध्ये एक साधी गोष्ट केली. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगचा रिकॉल ज्या गाड्यांनी पूर्ण केला नव्हता, त्यांतल्या धोकादायक प्रकारांना नियमित तपासणीत उत्तीर्ण करणं बंद केलं. मालकाला पत्र मिळालं की नाही, गाडी कितव्या हातात आहे, हे प्रश्नच उरले नाहीत. गाडी रस्त्यावर ठेवायची तर तपासणीला यावंच लागतं, आणि तिथे तिचा रिकॉल उघडा पडतो.

रायगडात अशी जागा तयार आहे. एमएच-०६ ही पाटी पेणच्या परिवहन कार्यालयाची. रोह्याची शाळेची बस असो वा पेणची व्हॅन, तिच्या फिटनेसचा कागद या कार्यालयाच्या कक्षेत येतो. वाहनाची नोंद संगणकावर आहे, त्यात चासी नंबर आहे, आणि रिकॉल झालेल्या गाड्यांचे चासी नंबर कंपन्यांकडे आहेत. या दोन याद्या एकमेकींशी ताडून पाहिल्या, तर फिटनेसच्या दिवशीच निरीक्षकाला सांगता येईल, की या गाडीचा टाय रॉड आधी बदलून आणा. झीज शोधणारी तपासणी आणि जन्मजात दोष शोधणारा रिकॉल आज दोन वेगळ्या वाटांनी चालतात. त्यांना एका टेबलावर आणायला नवी यंत्रणा लागणार नाही, पण केंद्राचा नियम लागेल.

तोवरचं काम शाळेतच होण्यासारखं आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी प्रत्येक शाळेत परिवहन समिती सांगितली आहे. मुख्याध्यापक अध्यक्ष आणि पालक, पोलीस, परिवहन विभाग यांचे प्रतिनिधी सदस्य. वाहनांचे कागद तपासणं हे तिचं कामच आहे. विमा, परवाना, पीयूसी यांच्या रकान्यांशेजारी आणखी तीन रकाने आखले तर पुरे: सतरा अक्षरी चासी नंबर, बनावटीचा महिना-वर्ष, आणि रिकॉल पाहिल्याची तारीख. मारुतीसह बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर चासी नंबर टाकला की ती गाडी रिकॉलमध्ये आहे का हे लगेच दिसतं. मारुतीचा नंबर ‘एमए३’ ने सुरू होतो आणि पुढे चौदा अक्षरं-आकडे असतात. आरसीवर तो छापलेला असतो. जूनमध्ये शाळा उघडताना एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, एवढं पुरे. शिपायाच्या मोबाइलवरही होईल.

व्हॅनवाल्या काकांकडे संशयाने पाहत हे करू नये. गाडी सदोष निघाली तर तो त्यांचा गुन्हा नाही, भाग बदलण्याचा खर्चही त्यांचा नाही, आणि तो भाग तुटला तर सर्वांत आधी जखमी होणार ते स्वतःच. त्यांना लागतो तो एक मोकळा दिवस, म्हणजे गाडी सर्व्हिस सेंटरला नेता येईल. त्या दिवशी मुलांची दुसरी सोय करणं हे पालकांचं आणि शाळेचं काम. सुट्या भागाबाबतही समितीने एवढं विचारावं: बसवला तो ओरिजिनल आहे का, त्याचं बिल आहे का. डुप्लिकेट मालाला रिकॉल नसतो, कारण त्याची खेप कुठे नोंदलेलीच नसते. बाहेरून सीएनजी बसवला असेल तर टाकीच्या पाटीवर शेवटच्या हायड्रो टेस्टची तारीख वाचावी. ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही.

समितीकडे अशी यादी असली की तिचा दुसराही उपयोग होतो. एकाच मॉडेलच्या तीन व्हॅनचं दार एकसारखं अडकतं हे एका शाळेच्या लक्षात आलं, आणि तसंच शेजारच्या तालुक्यातल्या शाळेलाही दिसलं, तर त्या मालकांनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वेगवेगळ्या तक्रारी नोंदवाव्यात. एकट्या तक्रारीकडे दुर्लक्ष होऊ शकतं. सक्तीच्या रिकॉलची सुरुवात मात्र मोजलेल्या तक्रारींपासून होते, आणि त्या मोजणीत तालुक्याच्या गावातली तक्रार शहरातल्या तक्रारीइतकीच धरली जाते.